लिडियामावशीचं बाहेरचं जेवण

माझी मावशी लिडिया पहिल्यांदा खानावळीत जेवली तेव्हा तिचं वय एकसष्ट होतं, आणि त्या संध्याकाळी तिला धड दिसतही नव्हतं.

मी तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, नोहा. सोनईत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून तिला नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि तिच्याबरोबर जायला घरात दुसरं कुणी तयार होत नव्हतं. मग मीच दुकानाला कुलूप लावलं.

कुणी तयार होत नाही त्याचं कारण म्हणजे मावशीचा संशय. गिरणीत दळण टाकलं की ती जात्यापाशी उभी राहते आणि पहिलं ओंजळभर पीठ बाजूला काढायला लावते, कारण त्यात आधीच्या माणसाचं पीठ असतं. तेलाचा डबा दुकानातच फोडायला लावते, तळहातावर थेंब घेऊन चोळते, वास घेते, मग पिशवीत ठेवते. लग्नात गेली तर एक केळं खाते, तेही स्वतः सोलून. नाताळच्या प्रीतिभोजनात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोनशे माणसांना वाढायला ती सगळ्यात पुढं असते, पण शेवटची पंगत उठली की पदराला हात पुसते आणि घरी जाऊन भाकरी-चटणी खाते. पाळकसाहेबांच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. "आत्ताच झाला," म्हणते. गावातली माणसं याला गर्व म्हणतात. माझी आई खोड म्हणायची.

खोड कुठून लागली ते मला वरवर माहीत होतं. मावशीचे यजमान, याकोबकाका, लवकर गेले. त्यानंतर मावशीनं आमच्याच भागातल्या एका मुलींच्या बोर्डिंगात सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. नव्वद मुली, दोन वेळचं जेवण. बारा वर्षांपूर्वी तिथल्या मुलींना जेवणातून बाधा झाली, चौकशी बसली आणि मावशीचं काम सुटलं. यापुढचं आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

आम्ही सकाळच्या एसटीनं नगरला गेलो. दुपारचा डबा मावशीनं बरोबर आणला होता. तपासणी झाली की संध्याकाळी परत, असा बेत होता. पण दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर लागेपर्यंत चार वाजले. मग त्यांनी मावशीच्या डोळ्यांत थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं, पुन्हा थेंब टाकले. शेवटी निकिता मॅडम नावाच्या डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागेल. पण त्याआधी शुगर बघायची आहे. उद्या सकाळी सात वाजता उपाशीपोटी रक्त द्या, म्हणजे लगेच तारीख देते."

"मग आज हिथंच ऱ्हावं लागंल?" मावशीनं विचारलं.

"हो. आणि आज साडेआठच्या आत नीट जेवून घ्या. त्यानंतर फक्त पाणी."

"दोन केळी खाते अन् पडते."

"केळी नकोत, मावशी. पोळी, भाजी, भात, नेहमीसारखं जेवा. तुम्हाला आधीच चक्कर येते म्हणताय. उपाशी झोपलात तर उद्या रक्त घेताना इथंच पडाल."

मावशी पदर सावरत उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "हिच्या कुणाचं हॉटेल हाय का इथं? जेवा जेवा म्हणून एवढं कामून सांगती?"

आमचा लांबचा भाऊ जेम्स नगरमध्येच सावेडीत राहतो. त्याच्याकडं जाऊ असं मी सुचवलं. मावशीनं नुसती मान हलवली. फार वर्षांपूर्वी एका लग्नात जेम्सच्या बायकोनं तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "लिडियाबाई, त्या पोरींना घातलं तरी काय होतंत?" तेव्हापासून मावशीनं त्या घरचं पाणीही घेतलेलं नाही.

दवाखान्याजवळच एका लॉजवर खोली घेतली. साडेसहाला आम्ही जेवायची जागा शोधायला निघालो. मावशीच्या डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा, अंगावर पांढरी सुती साडी, काखेत तपासणीची फाइल आणि एक हात माझ्या खांद्यावर. थेंबांमुळं तिला जवळचं काहीच दिसत नव्हतं. लांबच्या दिव्यांचेही नुसते पिवळे गोळे दिसतात म्हणाली.

"म्हंजे आता तुझ्या डोळ्यांवर इस्वास ठेवायचा," ती म्हणाली. ती खूश नव्हती.

पहिलं हॉटेल स्टँडकडच्या रस्त्यावर होतं. माणसांनी भरलेलं, बाहेर नंबर लावून उभे असलेले लोक. मी म्हणालो, "इथं गर्दी आहे म्हणजे चांगलं असणार."

"गर्दी स्टँडमुळं हाय. बाहेर निघनारी माणसं कशी हायेत ते सांग."

"कशी म्हणजे?"

"बडीशेप खात बाहेर येत्यात का पाण्याची बाटली घेत येत्यात?"

मी बघितलं. दाराजवळच्या टपरीवर दोघं-तिघं पाण्याच्या बाटल्या घेत होते. मी ते सांगितलं, आणि सांगायला नको होतं.

"तिखटानं वास झाकत असत्याल," मावशी म्हणाली. "मागल्या बाजूला चल."

हॉटेलाच्या मागं बोळ होता. तिथं मोरीचं पाणी वाहत होतं आणि एक बाई टबात ताटं बुडवून काढत होती. मावशी थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "एकाच पाण्यात सगळी ताटं चाललीत. सकाळपासून पानी बदललं न्हाई." तिला टब दिसत नव्हता. मला दिसत होता. पाणी खरंच काळपट होतं.

दुसऱ्या हॉटेलाच्या पाटीवर 'शुद्ध' हा शब्द तीन वेळा लिहिला होता. मी पाटी वाचून दाखवली.

"आपल्या विहिरीवर 'पानी' म्हणून पाटी लावलीय का कुनी?" एवढं म्हणून मावशी पुढं निघाली.

तिसरं हॉटेल मोठं होतं, काचेचं दार, आत थंडगार. मला वाटलं, इथं जमेल. आम्ही आत गेलो तर गल्ल्यावर बसलेले मालक पटकन उठले. राधाकृष्ण नाव होतं त्यांचं. आतून कुणीतरी तशी हाक मारली. त्यांनी मावशीची पांढरी साडी बघितली, काळा चष्मा बघितला, काखेतली फाइल बघितली, आणि हात जोडून म्हणाले, "या मॅडम. आपण कळवलं असतं तर..."

"काय कळवायचं?" मावशी म्हणाली. "तुमचा सैपाक कुठं हुतो ते बगायचं हाय."

आता दोन्हीकडून संशय सुरू झाला. राधाकृष्णांना वाटलं, ही कुठल्या तरी खात्याची बाई तपासणीला आली. मावशीला वाटलं, ज्या माणसानं आपल्याला कधी बघितलं नाही तो हात जोडतोय म्हणजे काहीतरी दडवतोय. मी मध्ये पडून खरं काय ते सांगणार होतो, पण मावशीनं माझा खांदा दाबला.

"पाचच मिनिटं बसा," म्हणून राधाकृष्ण आत गेले. आतून भांड्यांचा आवाज, फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज, कुणाला तरी रागावल्याचा आवाज. मग ते परत आले आणि आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेले. फरशी ओली होती. आचाऱ्यानं पांढरी टोपी घातली होती आणि तिच्यावर घडीच्या रेषा तशाच होत्या. मी हे मावशीच्या कानात सांगितलं. तिनं ओट्यावरून बोट फिरवलं, बोटाला बोट चोळलं आणि आचाऱ्याला विचारलं, "दादा, आज रातच्याला तू काय जेवनार?"

"मी? माझा डबा असतो, मावशी. घरून येतो."

राधाकृष्णांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचारा पातेल्यात डोकं घालून ढवळायला लागला. मावशीनं हात जोडले आणि आम्ही बाहेर पडलो. मालक दारापर्यंत आले, पनीरची एक प्लेट तरी घ्या म्हणाले. मावशी चालत चालत मला म्हणाली, "फुकाट द्यायला लागला म्हंजे संपलंच."

साडेसात वाजले होते. मला सडकून भूक लागली होती. दुपारी डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली होती तेवढीच. चितळे रोडच्या पुढं एक बरं दिसणारं ठिकाण होतं. मी विचार केला, हिला दिसत तर नाही.

"मावशी, इथं बघ, अगदी स्वच्छ आहे. टेबलं पुसलेली, भांडी घासलेली. मागची बाजूपण अगदी कोरडी दिसते."

मावशी थांबली. काळा चष्मा माझ्याकडं वळला. "मागली बाजू तुला हितनं दिसती?"

"म्हणजे... तशी वाटते," मी म्हणालो.

"ल्हानपनी साखर खाऊन यायचास तवाबी दोनदा अगदी अगदी म्हनायचास. पुढं चल."

मला राग आला. मी म्हणालो, "मावशी, आता एक तास राहिला. सगळं नगर काय तुझ्यावर विषप्रयोग करायला बसलेलं नाही."

हे बोलायला नको होतं. तिचा माझ्या खांद्यावरचा हात सुटला. ती एकटीच दोन पावलं पुढं गेली, फुटपाथच्या कडेला अडखळली, आणि मी धावत जाऊन तिला धरलं. त्यानंतर बराच वेळ आम्ही नुसतं चालत होतो. कुठं चाललोय ते मलाही माहीत नव्हतं.

एका गल्लीत शिरलो तेव्हा तीच थांबली. "हुलगं शिजतंय," ती म्हणाली.

मला काही वास आला नाही. दहा-बारा घरं पुढं गेल्यावर एका जुन्या घराच्या पडवीत चार टेबलं दिसली. फळीवर खडूनं लिहिलं होतं: 'आज हुलग्याची शेंगोळी. बाजरीची भाकरी.' पाच-सहा माणसं जेवत होती. दोघं हमाल असावेत, एक पोलीस शिपाई, बाकीचे शिकणारे वाटत होते. आतल्या दारात पन्नाशीची एक बाई उभी होती, कमरेला पदर खोचलेला, हात पिठानं भरलेले.

"किती माणसं?" तिनं विचारलं.

"दोन," मी म्हणालो.

"आदी सैपाकघर बगते," मावशी म्हणाली आणि दाराच्या दिशेनं निघाली.

ती बाई हलली नाही. दारातच उभी राहिली. "आत न्हाई येता येनार."

"का?"

"माज्या सैपाकघरात भायेरचं मानूस येत न्हाई. चप्पल घालून न्हाई अन् चप्पल काढूनबी न्हाई."

"मला बगायचं हाय तू कसं करती ते."

"मंग नका जेऊ. गल्लीच्या तोंडाला दुसरी खानावळ हाये, तिथं समदं दाखवत्यात."

जेवणारे माना वर करून बघायला लागले. मला वाटलं, संपलं. आता ही पुढं चल म्हणणार आणि आम्ही उपाशी झोपणार. मावशी क्षणभर उभी राहिली. मग तिनं हातानं चाचपडत खुर्ची शोधली आणि बसली.

"मावशी?" मी म्हणालो.

"बस."

ती बाई अजून दारातच होती. आता तिला संशय आला होता. "तुमी कोन?" तिनं विचारलं. "कुनी पाठवलं तुमाला? मागल्या महिन्यात बी एक बाई अशीच आली, चवकशी करून गेली, अन् आठ दिसात पुढच्या चौकात माज्याच सारखी शेंगोळी सुरू झाली."

"मी सोनईची. डोळे दाखवायला आले. बोर्डिंगात सैपाक करत हुते, सव्वीस वर्सं."

"सैपाक करत हुतात तर मंग तुमाला कळाया पायजे."

"कळतंय म्हनून तर बसले," मावशी म्हणाली.

त्या बाईचं नाव बनुबाई. जामखेडकडची. नवरा इथं गोदामात कामाला होता, तो वारल्यावर तिनं खानावळ काढली, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा ती फक्त वळून आत गेली आणि दोन ताटं घेऊन आली. मावशीनं ताट पुढं ओढलं नाही.

"हुलगं कुठलं?" तिनं विचारलं.

"भावाच्या रानातलं."

"दळलं कुनी?"

"मीच निवडलं, मीच दळून आनलं. गिरणीत उबी ऱ्हाऊन."

"तू कधी जेवती?"

"समदी उठल्यावर. गिऱ्हाइकाच्या आदी मी तोंडात घास घालत न्हाई."

"मग मी थांबते. तू बसशील तवा जेवीन. त्याच पातेल्यातलं."

बनुबाईचा चेहरा लाल झाला. ताटं उचलून ती म्हणेल चालते व्हा, असं मला वाटलं. पण तिनं ताटांवर दुसरी ताटं पालथी घातली. "बसा मंग," म्हणाली.

आम्ही बसलो. माझ्यासमोर झाकलेलं ताट आणि मी खाऊ शकत नव्हतो, कारण मावशीनं माझ्या मनगटावर हात ठेवला होता. शिपाई हात धुऊन गेला. हमालांनी तिसऱ्यांदा रस्सा मागितला. पोरं मोबाईल बघत सावकाश जेवत होती आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होतो. आठ वाजून दहा मिनिटांनी शेवटचा माणूस उठला. बनुबाईनं आमची ताटं पुन्हा गरम वाढून आणली, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि मावशीच्या समोर बसली. भाकरी मोडली, शेंगोळीच्या रश्शात बुडवली आणि खाल्ली.

"आता?" तिनं विचारलं.

मावशीनं डोकं झुकवून प्रार्थना केली. ती एरवी मोठ्यानं म्हणते, त्या दिवशी ओठांतच म्हणाली. मग एक घास घेतला. चावला. थांबली. दुसरा घेतला. मी कशाचीच वाट न बघता सुरू केलं. शेंगोळी चांगली होती, लसूण सढळ हातानं घातलेला. पण मला त्या वेळी गवतही गोड लागलं असतं.

बनुबाईनं मावशीच्या ताटात आणखी रस्सा वाढला. मग बनुबाई म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुमाला कुनी इख घातलं हुतं का?"

"मला न्हाई," मावशी म्हणाली. "मी घातलं असं म्हनत्यात."

माझा घास हातातच राहिला.

मावशीनं सगळं सांगितलं, समोरच्या अनोळखी बाईला. डिसेंबरचा शनिवार होता. बाहेरगावच्या एका मोठ्या माणसाच्या नातवाचा वाढदिवस होता, म्हणून ती मंडळी दोन गाड्या भरून बोर्डिंगात आली. येताना बासुंदीची चार मोठी पातेली आणली. त्यांच्या बायका थेट स्वयंपाकघरात शिरल्या. आम्हीच वाढणार म्हणाल्या, फोटो काढायचे होते. मावशीला बाहेर उभं राहायला सांगितलं. सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघराच्या बाहेर उभी राहिली. दिवस मावळायच्या आत एकतीस मुलींना उलट्या सुरू झाल्या. टेम्पोत घालून दवाखान्यात नेल्या. सगळ्या वाचल्या. दिशा नावाची सातवीतली मुलगी मात्र नऊ दिवस सलाइनवर होती.

"बासुंदीची पातेली त्यांनी धुऊन परत नेली," मावशी म्हणाली. "माझं भाजीचं पातेलं तेवढं राह्यलं. तेच चवकशीला गेलं. कागुद काय आला, मला कुनी दाखवला न्हाई. हलगर्जी म्हनाले अन् काढून टाकलं."

"मंग बासुंदीच व्हती," बनुबाई म्हणाली.

"मीबी बारा वर्सं तेच म्हनत आले." मावशीनं ताटातली शेंगोळी बोटानं बाजूला सारली. "पन भाजीचे बटाटे मी सकाळीच उकडून ठेवले हुते. पाहुनं येनार, गडबड हुनार, म्हनून. दुपारपत्तुर तसेच हुते. हे मी कुनाला सांगितलं न्हाई. चवकशीवाल्याला न्हाई, ह्याच्या आईला न्हाई. पाळकसाहेबांना न्हाई."

इतकी वर्षं मी समजत होतो की मावशीला जगाचा संशय आहे. गिरणीवाल्याचा, तेलवाल्याचा, डॉक्टरचा, माझा. जगाचा तर होताच. पण रोज रात्री डोळे मिटले की ती कोणत्या पातेल्याजवळ जाऊन उभी राहत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. तासाभरापूर्वी मी रस्त्यात तिला विषाचं बोललो होतो, ते मला आठवलं आणि मान वर करवेना.

बनुबाईनं तिचं सांत्वन केलं नाही. तिनं विचारलं, "सालं काढून ठेवलं व्हतं का सालीसकट?"

"सालीसकट."

"झाकन?"

"वलं फडकं."

"किती वेळ?"

"सातपासून एक वाजेपत्तुर."

बनुबाईनं विचार केला. "थंडीचं सालीसकट बटाटं सहा तासात बिघडत न्हाई. माजं तरी कदी बिघडलं न्हाई." मग थांबून म्हणाली, "पन छातीवर हात ठेवून मी न्हाई सांगनार. मी तिथं नव्हते."

"व्हय," मावशी म्हणाली. "तू नव्हतीस."

आणि तिनं जेवण पुरं केलं. भात मागून घेतला.

लॉजवर परत जाताना मी माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल?" आणि पुढं बोलू दिलं नाही. सकाळी सात वाजता रक्त दिलं. मी विचारलं, पोट कसं आहे. "सध्या बरं हाय. संध्याकाळपत्तुर सांगता येत न्हाई," ती म्हणाली. संध्याकाळी सोनईत घरी पोचल्यावर मी पुन्हा विचारलं नाही. तिनंच ओसरीवरून हाक मारून सांगितलं, "काय न्हाई झालं रे."

शुगर जेमतेम मर्यादेत होती. पंधरा दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्यानं डाव्याचं. दोन्ही वेळा आम्ही बनुबाईकडंच जेवलो. दोन्ही वेळा मावशी बनुबाई स्वतःचं ताट घेऊन बसेपर्यंत थांबली. दुसऱ्या खेपेला बनुबाईनं तिला आत बोलावलं, तर मावशी गेली नाही. म्हणाली, "मला आत घेतलंस तर उद्या कुनालाबी घेशील."

मग फेब्रुवारीत ती एक दिवस माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "दिशा कुठं दिली हाय ते काढ."

मला चार दिवस लागले. दिशा आता पंचवीस वर्षांची होती, श्रीगोंद्याला दिलेली, नवरा साखर कारखान्यात फिटर. आम्ही फोन न करता गेलो. मावशी म्हणाली, फोन केला तर ती तयारी करून बसेल. कारखान्याच्या चाळीतल्या घरात दिशानं दार उघडलं, कडेवर मूल होतं. तिनं मावशीकडं बघितलं आणि लगेच ओळखलं. वाकून नमस्कार केला.

मावशी बसली नाही. उभ्या उभ्या बटाट्यांचं सगळं सांगितलं. सकाळी सात, वलं फडकं, एक वाजेपर्यंत. दिशा मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेत ऐकत होती.

"तू त्या दिवशी काय खाल्लं हुतं?" मावशीनं विचारलं. "नीट आठवून सांग."

मी दिशाकडं बघत होतो. भाजी खाल्लीच नव्हती असं तिनं म्हणावं, अशी मी मनात प्रार्थना करत होतो. तसं खोटं बोललीस तरी चालेल, हेही मनात आलं.

"दोन्ही खाल्लं होतं, मावशी," दिशा म्हणाली. "भाजी दोनदा घेतली. बासुंदी तीनदा. मी खादाडच होते." मग तिनं विचारलं, "तुम्ही एवढ्यासाठी सोनईहून आलात?"

"व्हय."

"आम्हा मुलींना कुणी काही सांगितलं नाही. तुम्ही स्वतःहून काम सोडलं, एवढंच सांगितलं. मी आजारी पडले म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात, असं मला वाटायचं."

मावशी तेव्हा खाली बसली, जमिनीवरच. दिशानं मूल तिच्या मांडीवर दिलं आणि चहा ठेवायला आत गेली. मावशी तिच्यामागं आत गेली नाही, दूध कुठलं ते विचारलं नाही. चहा आला तेव्हा तिनं कपाचा वास घेतला. मग प्याली.

परतीच्या एसटीत ती खिडकीजवळ बसली होती. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, गाडी मुंगीच्या चालीनं चालली होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बासुंदी लई चांगली हुती म्हनाली चहा देताना. वेलदोड्याची."

"हो, मी ऐकलं."

"मला चाखायलाबी दिली न्हाई त्यांनी," मावशी म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटले.